प्रेस्टर जॉनचे राज्य: अज्ञानातून नव्हे, अर्धवट खऱ्या बातम्यांतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मध्ययुगीन युरोपातील दंतकथांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात प्रेस्टर जॉन या काल्पनिक ख्रिस्ती सम्राटाची हकीकत अर्ध्या स्तंभात उरकली आहे. लेखाचा आशय असा की, भूगोलाचे ज्ञान नसल्यामुळे युरोपातल्या भाबड्या लोकांनी पूर्वेकडे एक ख्रिस्ती राजा कल्पिला आणि पुढे प्रवास वाढल्यावर तो इथिओपियात सापडला. या दोन्ही विधानांना माझा आक्षेप आहे. ही दंतकथा अज्ञानावर जगली नाही. ती दर पिढीला येऊन पोहोचणाऱ्या खऱ्या, पण अर्धवट बातम्यांवर जगली. आणि इथिओपियात जो सापडला, तो प्रेस्टर जॉन नव्हता.

या राजाची पहिली लेखी नोंद ११४५ सालची आहे. इटलीतील व्हितेर्बो येथे पोप तिसरा यूजीन याच्या भेटीला सीरियातील जबला येथील बिशप ह्यू आला होता. आदल्या वर्षाच्या अखेरीस इमादुद्दीन झेंगीने एडेसा हे क्रुसेडवाल्यांचे, म्हणजे जेरुसलेमसाठी लढणाऱ्या युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे, महत्त्वाचे शहर जिंकून घेतले होते आणि ह्यूला युरोपातून फौज हवी होती. जर्मनीतील फ्रायझिंगचा बिशप ओटो याने ह्यूच्या तोंडून ऐकलेली हकीकत आपल्या बखरीत टिपून ठेवली. पर्शिया आणि आर्मेनिया यांच्याही पलीकडे, अगदी पूर्वेला, जॉन नावाचा एक नेस्टोरियन (पूर्वेकडील एका ख्रिस्ती शाखेचा) राजा असून तो राजा तसाच धर्मगुरूही (‘प्रेस्टर’) आहे. बाल येशूच्या दर्शनाला गेलेल्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांच्या वंशातला तो आहे. पर्शिया आणि त्याच्या शेजारचा मीडिया हा प्रांत यांवर राज्य करणाऱ्या दोघा भावांना हरवून त्याने एकबताना ही त्यांची राजधानी घेतली. मग तो जेरुसलेमच्या मदतीला निघाला, पण टायग्रिस नदीवर सैन्य पार उतरवण्याची काही सोय होईना. उत्तरेकडे ही नदी हिवाळ्यात गोठते असे ऐकून तो तिकडे गेला, काही वर्षे वाट पाहिली, नदी गोठली नाही, हवा मानवली नाही, बरेच सैन्य गमावले आणि शेवटी तो माघारी गेला.

यातला नदीचा तपशील मला फार बोलका वाटतो. निव्वळ मनोराज्य करणाऱ्याने हा राजा थेट जेरुसलेमच्या वेशीवर आणून उभा केला असता. ह्यूची अडचण वेगळी होती. असा कोणी पराक्रमी ख्रिस्ती राजा पूर्वेला असल्याची कुणकुण युरोपात आधीच लागली असेल, तर ‘तो आहेच की, मग आमची फौज कशाला?’ असा प्रश्न उभा राहणार होता. म्हणून राजा पराक्रमी आहे, त्याची इच्छाही आहे, पण तो येऊ शकत नाही, असे सांगणे ह्यूला भाग होते. भाबडेपणाचा आरोप निदान या माणसावर तरी करता येणार नाही.

शिवाय त्याच्या हकीकतीतली लढाई खरोखर झाली होती. सप्टेंबर ११४१ मध्ये समरकंदजवळ कतवानच्या मैदानावर सेल्जुक सुलतान संजर याचा दणदणीत पराभव झाला. त्याला हरवणारा येलू दाशी हा खितान सरदार होता. उत्तर चीनमधील आपल्या घराण्याची सत्ता बुडाल्यावर तो पश्चिमेकडे सरकला आणि मध्य आशियात त्याने काराखिताई राज्य उभे केले. हा येलू दाशी ख्रिस्ती नव्हता, पण त्याच्या राज्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोक होते. पर्शियातून निघालेली ही धर्मशाखा व्यापारी मार्गांनी फार पूर्वीच चीनपर्यंत जाऊन पोहोचली होती. शिआन येथे ७८१ साली उभारलेला तिचा शिलालेख आजही पाहायला मिळतो. म्हणजे बलाढ्य मुसलमान सुलतानाचा पूर्वेकडच्या बिगरमुसलमान राजाने पराभव केला, ही बातमी खरी, आणि पूर्वेला दूरवर ख्रिस्ती वस्त्या आहेत, हीही खरी. या दोन खऱ्या बातम्या चार वर्षांच्या प्रवासात एकमेकींत मिसळल्या आणि विजेताच ख्रिस्ती होऊन बसला. जगाविषयी काहीच माहिती नसलेल्या माणसाला ही चूक करताच आली नसती.

या रोपट्याचा वृक्ष झाला तो ११६५ च्या सुमारास युरोपात फिरू लागलेल्या एका पत्रामुळे. बायझंटाइन सम्राट मॅन्युअल कोम्नेनस याच्या नावे, खुद्द प्रेस्टर जॉनने लिहिल्याचा आव आणलेले हे लॅटिन पत्र बहुधा एखाद्या युरोपीय धर्मपंडिताचीच करामत असावी. त्यात राजा सांगतो की आपण तिन्ही हिंदुस्थानांवर (त्या काळी हिंदुस्थान तीन मानत) राज्य करतो, बहात्तर राजे आपल्याला खंडणी देतात, आणि जेथे येशूचा शिष्य सेंट थॉमस याचा देह आहे त्या दूरच्या हिंदुस्थानापासून बॅबिलोनच्या ओसाड प्रदेशापर्यंत आपली सत्ता आहे. स्वर्गातून उगम पावणारी नदी तेथे रत्ने वाहून आणते. एक समुद्र नुसत्या वाळूचा आहे आणि त्यात पाणी नसूनही लाटा उठतात. सालामांडर नावाच्या प्राण्यापासून मिळणाऱ्या धाग्याचे कापड पाण्याने नव्हे, आगीत टाकून धुतात. मिऱ्यांच्या रानात साप असतात, म्हणून पीक तयार झाले की रानाला आग लावून ते हुसकून देतात. पाचूच्या मेजावर रोज तीस हजार माणसे जेवतात. राजवाड्यासमोर उंचावर बसवलेल्या आरशात राज्यातला कोणताही कट दिसतो, आणि त्या राज्यात कोणी खोटे बोलत नाही. (इतके खोटे असलेल्या पत्रात हे वाक्य घालणाऱ्या लेखकाला विनोदबुद्धी नव्हती, असे मी तरी म्हणणार नाही.)

पण याही पत्रात सगळेच हवेतले नाही. आगीत धुवायचे कापड म्हणजे ॲस्बेस्टॉसचे कापड, आणि ते खरोखरच तसे स्वच्छ करीत. मिरी हिंदुस्थानातून येते हे युरोपातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते. मलबार किनाऱ्यावर आपली परंपरा सेंट थॉमसपासून सांगणारा ख्रिस्ती समाज शतकानुशतके नांदत होता आणि मैलापूर येथे त्या संताची समाधी दाखवली जात होती. पत्रकर्त्याने ऐकीव माहितीला भरपूर तिखटमीठ लावले, पण माहिती होती म्हणून तर लावता आले. हे पत्र तुफान गाजले. त्याच्या शेकडो हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत, निरनिराळ्या भाषांत त्याची भाषांतरे झाली, आणि नकलकारांनी आपापल्या परीने त्यात नवनवी आश्चर्ये भरली. २७ सप्टेंबर ११७७ रोजी पोप तिसऱ्या अलेक्झांडरने व्हेनिसहून हिंदुस्थानच्या राजा जॉनला उद्देशून पत्र लिहिले आणि फिलिप नावाच्या आपल्या वैद्याला ते घेऊन रवाना केले. या फिलिपचे पुढे काय झाले, याचा कोठेही उल्लेख सापडत नाही.

या दंतकथेपायी खरी माणसे कशी खर्ची पडली, हे पाहायचे तर पाचव्या क्रुसेडकडे वळावे लागेल. नोव्हेंबर १२१९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी नाईलच्या मुखाजवळचे दमिएता घेतले होते. इजिप्तचा सुलतान अल्-कामिल दमिएताच्या बदल्यात जेरुसलेम द्यायला तयार होता; पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पेलागियस मात्र ऐकायला तयार नव्हता. १२२१ च्या वसंतात पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील एकर या शहराचा बिशप जाक द व्हित्री याने आनंदाने कळवले की प्रेस्टर जॉनच्या वंशातला, हिंदुस्थानचा राजा डेव्हिड प्रचंड सैन्यानिशी पर्शिया जिंकत पश्चिमेकडे येत आहे. छावणीत उत्साहाला उधाण आले. जुलैमध्ये फौज कैरोच्या दिशेने निघाली, नाईलच्या पुरात अडकली, आणि ऑगस्टच्या अखेरीस शरण गेली. दमिएताही गेले आणि जेरुसलेमही. पराभवाला अन्य कारणेही होती, पण येणाऱ्या राजाच्या भरवशाचा वाटा त्यात नक्की होता.

पर्शिया जिंकत येणारी फौज मात्र खरीच होती. ती चंगीझखानाची होती. ख्वारझमचे साम्राज्य तिने धुळीस मिळवले होते आणि तिची एक तुकडी जॉर्जियापर्यंत पोहोचली होती. जॉर्जियाची राणी रुसुदान हिने नंतर पोपला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की हे लोक ख्रिस्ती आहेत असे वाटल्यामुळे आपण सावध राहिलो नाही. जॉर्जिया स्वतः जुने ख्रिस्ती राज्य. ते जगाच्या नकाशावर जेथल्या तेथे होते, पण कल्पनेतल्या ख्रिस्ती राजाची वाट पाहणाऱ्यांच्या हिशेबात त्याला फारसे स्थान नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यानंतर मंगोलांच्या मुलखात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या लोकांनी शोध सोडला नाही, फक्त मोजमाप कमी केले. फ्रान्सचा राजा नवव्या लुईचे पत्र घेऊन गेलेला विल्यम रुब्रुक १२५३ ते १२५५ या काळात काराकोरम या मंगोल राजधानीपर्यंत जाऊन आला. ज्या राजा जॉनची एवढी कीर्ती, त्याच्या कुरणांतून आपण गेलो, पण मूठभर नेस्टोरियनांखेरीज कोणालाही त्याच्याविषयी काही माहीत नव्हते, असे तो लिहितो. हे लोक राईचा पर्वत करतात, खऱ्याच्या दसपट सांगतात, अशी त्याची तक्रार आहे. मार्को पोलोने हा राजा म्हणजे केराइत टोळीचा प्रमुख ओंगखान, असे सांगितले. ओंगखान खरोखर नेस्टोरियन होता, आरंभी चंगीझखानाचा आश्रयदाता होता आणि १२०३ मध्ये त्याच्याकडूनच हरल्यावर पळून जाताना मारला गेला. त्याची पुतणी सोरखोक्तानी हीदेखील नेस्टोरियन. मोंगके, कुबलाई आणि हुलागू हे तिचे मुलगे. म्हणजे अर्धे जग ज्यांच्या टाचेखाली आले, त्यांची आई खरोखरच ख्रिस्ती होती. तेव्हा युरोपातले लोक उगाचच आशा लावून बसले होते, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? चौदाव्या शतकात ओडोरिक हा ख्रिस्ती धर्मगुरू चीनहून परतताना प्रेस्टर जॉनच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रदेशातून गेला आणि जे सांगतात त्याचा शंभरावा हिस्साही खरा नाही, असे नोंदवून मोकळा झाला.

तरीही दंतकथा मेली नाही. तिने खंड बदलला. १२९१ मध्ये एकर पडले आणि क्रुसेडवाल्यांचा सीरियातला शेवटचा मोठा आधार गेला. १२९५ मध्ये पर्शियाचा मंगोल इलखान गझान याने इस्लाम स्वीकारला. पूर्वेकडून मदत येण्याची आशा उरली नाही. त्याच काळात आफ्रिकेत, इजिप्तच्या दक्षिणेला, एक बलवान ख्रिस्ती राज्य असल्याच्या बातम्या जेरुसलेमला येणाऱ्या हबशी यात्रेकरूंमार्फत पोहोचत होत्या. त्या काळच्या भूगोलात तीन हिंदुस्थान मानले जात आणि नाईलच्या पूर्वेचा मुलूख त्यांपैकी एक समजला जाई, त्यामुळे हिंदुस्थानच्या राजाला आफ्रिकेत नेऊन बसवण्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. इथिओपियाचा सम्राट म्हणजेच प्रेस्टर जॉन, असे १३३० च्या आसपास लिहिणाऱ्यांत जॉर्डानस हा डोमिनिकन धर्मगुरू होता. आपल्या वाचकांना त्याचे नाव वेगळ्या संदर्भात ठाऊक असेल: १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या चार धर्मगुरूंचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरणारा तो हाच, आणि पुढे कोल्लमचा बिशप म्हणून नेमला गेलेलाही हाच. हिंदुस्थानात वर्षे काढलेल्या माणसाला प्रेस्टर जॉन येथे नाही हे स्वानुभवाने कळले होते. म्हणून त्याने त्याला जेथे आपण गेलो नव्हतो तेथे पाठवले. १४५० च्या सुमाराचा व्हेनिसचा फ्रा माउरो याचा नकाशा आफ्रिकेतल्या या राजाच्या हाताखाली १२० हून अधिक राज्ये असल्याचे सांगतो.

पश्चिमेलाही असेच एक कल्पित राज्य होते, त्याचा उल्लेख लेखात नाही म्हणून करतो. आठव्या शतकात मुसलमान फौजांनी स्पेन-पोर्तुगाल जिंकले तेव्हा सात बिशप आपल्या लोकांसह समुद्रापार पळाले आणि एका बेटावर त्यांनी सात नगरे वसवली, अशी ती कथा. आन्तिलिया नावाचे बेट १४२४ च्या नकाशात अटलांटिकमध्ये दिसते, आणि १४९२ च्या बेहाइमच्या पृथ्वीगोलावर त्याच्याजवळ ही हकीकत लिहिलेली आहे. त्या सात नगरांच्या शोधात १५४० मध्ये कोरोनादो हा स्पॅनिश सरदार उत्तर अमेरिकेत शिरला तेव्हा त्याला मातीच्या घरांची गावे मिळाली.

पोर्तुगीजांनी मात्र आफ्रिकेतल्या राजावर सरकारी खजिना खर्च केला. १४८७ च्या मे महिन्यात राजा दुसरा जॉन याने पेरो द कोव्हिल्यां आणि आफोन्सो द पायव्हा यांना खुष्कीच्या मार्गाने धाडले. पायव्हा वाटेतच वारला; कोव्हिल्यां कालिकत, गोवा, होर्मुझ पाहून अखेर इथिओपियात पोहोचला, आणि तेथल्या दरबाराने त्याला जमीनजुमला दिला, संसार थाटून दिला, पण परत जाऊ दिले नाही. १४९८ मध्ये वास्को द गामाचे खलाशी मोझांबिकला पोहोचले. प्रेस्टर जॉन येथून फार दूर नाही, मात्र तो आत खोलवर राहतो आणि तेथे उंटावरूनच जाता येते, असे ऐकताच त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, असे ताफ्यातल्या रोजनिशीत आहे. हीच मंडळी मे महिन्यात कालिकतला उतरली आणि एका देवळात चर्च समजून प्रार्थनेला बसली. भिंतींवरचे संत मुकुट घातलेले होते, त्यांचे दात ओठांबाहेर आलेले होते आणि हात चार-पाच होते, हे रोजनिशीकाराने न चुकता टिपले आहे. तरी त्याचा ग्रह ढळला नाही. जे शोधायला आलो ते दिसलेच पाहिजे, असा निश्चय असला की डोळ्यांसमोरचा पुरावाही निरुपयोगी ठरतो.

अखेर १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलात मसावाला उतरून इथिओपियाच्या सम्राटाकडे गेली. तिच्यासोबतचा धर्मगुरू फ्रान्सिस्को आल्व्हारेस याने सहा वर्षांच्या मुक्कामाचे वर्णन लिहिले, ते १५४० मध्ये छापले गेले. रत्नजडित महाल कोठेच नव्हता; सम्राटाची राजधानी म्हणजे ठिकाण बदलत राहणारी तंबूंची प्रचंड छावणी होती. सम्राट लेब्ना डेंगेल तेविशीतला तरुण होता आणि पाहुण्यांना त्याने बराच काळ ताटकळत ठेवले. त्याने जगाचा नकाशा मागवून पाहिला. त्यात पोर्तुगाल इतके लहान दिसले की तुर्कांपासून तांबडा समुद्र राखणे एकट्या पोर्तुगालच्या राजाला झेपणार नाही, स्पेन आणि फ्रान्सच्या राजांनीही एकेक किल्ला बांधावा, असा सल्ला त्याने दिला. आरशात सारे राज्य पाहणाऱ्या सम्राटाच्या कल्पनेने तीन शतके भारावलेल्या लोकांना खऱ्या सम्राटाने नकाशात पाहून त्यांचे आकारमान सुनावले!

पुढे तर भूमिकाच उलटल्या. १५२९ पासून अहमद ग्रान्य या मुसलमान सेनानीच्या स्वाऱ्यांनी इथिओपिया उद्ध्वस्त होत आला, तेव्हा ज्याने युरोपाला वाचवायचे त्याला वाचवण्यासाठी १५४१ मध्ये वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हां ४०० बंदूकधारी घेऊन गेला आणि १५४२ मध्ये मारला गेला. १५४३ मध्ये अहमद पडला. एवढ्या सहवासानंतर खटका उडाला तो धर्मावरूनच. इथिओपियाचे चर्च चौथ्या शतकात, अक्सूमचा राजा एझाना याच्या काळापासून चालत आलेले, इजिप्तच्या कॉप्टिक चर्चशी जोडलेले. रोमला ते पाखंडी वाटले. रोमच्या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंच्या प्रभावाने सम्राट सुसेन्योस याने १६२२ मध्ये रोमचे वर्चस्व मानले, प्रजेने बंड केले, १६३२ मध्ये त्याला गादी सोडावी लागली आणि त्याचा मुलगा फासिलिदेस याने जेझुइटांना हाकलून दिले.

म्हणून ‘तो इथिओपियात सापडला’ हे विधान मला मान्य नाही. १४४१ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेला आलेल्या हबशी प्रतिनिधींनीच सांगितले होते की आमच्या राजाचे नाव झारा याकोब आहे, त्याला तुम्ही प्रेस्टर जॉन का म्हणता? ऐकणाऱ्यांनी ते कानांआड केले. सतराव्या शतकात जर्मन पंडित हियोब लुडोल्फ याने अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूकडून भाषा आणि इतिहास समजून घेऊन १६८१ च्या आपल्या ग्रंथात या नावाचा त्या देशाशी संबंध नसल्याचे दाखवून दिले. आपल्या लेखासोबत छापलेला नकाशाकार ऑर्टेलियसचा १५७३ चा नकाशा त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे, आणि त्यात हबसाणचे, म्हणजे इथिओपियाचे, साम्राज्य विषुववृत्ताच्या खाली खूप दूरवर पसरलेले दाखवले आहे. त्याखाली ‘प्रेस्टर जॉनचे राज्य’ एवढीच ओळ न देता तो इथिओपियाचा, युरोपीयांच्या समजुतीनुसार काढलेला नकाशा आहे, असा खुलासा पुढील अंकात द्यावा, आणि जमल्यास एझानापासून फासिलिदेसपर्यंतच्या त्या देशाच्या इतिहासावर, प्रेस्टर जॉनला बाजूला ठेवून, एखादा स्वतंत्र लेख जाणकाराकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक